वर्तुळातलं टिंब

ताईचा हात कधी थरथरायचा नाही. बाकी सगळी ताई थरथरायची. गॅस बंद केला का हे बघायला ती जिन्यावरून दोनदा परत जाते. बसमध्ये बसली की पुढच्या तीन थांब्यांची नावं पुटपुटत राहते. कुणाचा फोन दोनदा वाजून बंद झाला की त्या घरात नक्की कोणीतरी आजारी पडलंय, असं धरून चालते. पण माणसाचा डोळा दोन बोटांनी उघडून त्यात औषधाचा थेंब सोडायचा म्हटला की तीच बाई वेगळी व्हायची. हात जागच्या जागी, थेंब बरोबर डोळ्यात, समोरच्याला कळायच्या आत काम झालेलं.

हल्ली लोक तिला धीराची बाई म्हणतात. एका वर्तमानपत्राने तसं छापलंसुद्धा. मला हसू येतं. मी तिची धाकटी बहीण. ती किती घाबरते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून काय झालं ते मीच सांगते. छापणाऱ्यांवर सोडलं तर ते तिचा पुतळा करून ठेवतील.

सव्वीस वर्षं ताई डोळ्यांच्या इस्पितळाच्या फिरत्या गाडीवर परिचारिका होती. गाडी डोंगरातल्या गावांना जायची. डॉक्टरांनी डोळा आतून तपासायचा तर आधी बाहुली मोठी व्हावी लागते आणि त्यासाठी थेंब घालावे लागतात. पहिला थेंब घातला की ताई यादीत त्या नावापुढे एक बारीक वर्तुळ काढायची आणि शेजारी वेळ लिहायची. दहा मिनिटांनी दुसरा थेंब, की त्या वर्तुळात टिंब. ही पद्धत तिला कोणी शिकवली नव्हती. एकाला चार वेळा थेंब गेले आणि एक बिचारा तसाच राहिला तर काय, या धास्तीतून तिने ती स्वतःच काढली होती. टिंब पडलं की पुढचे चार-पाच तास त्या माणसाला जवळचं काही दिसत नाही. सुई ओवता येत नाही, अक्षर लागत नाही. ताई प्रत्येकाला बजावायची, आज विळा हातात धरू नका, मूल कडेवर घेऊन पायऱ्या उतरू नका. डॉक्टर येत-जात राहिले, त्यांची नावं कोणाच्या लक्षात नाहीत. ताईला मात्र सगळा डोंगर 'थेंबवाली बाई' म्हणून ओळखायचा. ती समोर आली की लोक काही न विचारता मान मागे टाकायचे.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा, दोन मशीनं, वह्या-पेनांचं एक कपाट आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला तीन फरश्या. कोपऱ्यावर एका मोठ्या बँकेचं मुख्य कार्यालय आहे. निवृत्त झाल्यापासून ताई दुपारी दुकानात येऊन बसते. कागद जुळवून पिना मारायचं काम तिने आपणहून घेतलंय, कारण मी मारलेल्या पिना तिला वाकड्या दिसतात.

त्या बँकेसमोर दर शुक्रवारी सात-आठ माणसं फलक घेऊन उभी राहायची. त्यांची पुढारी एक निवृत्त शिक्षिका होती. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. त्यांची पत्रकं माझ्याकडे निघायची, त्यामुळे ते प्रकरण मला तोंडपाठ झालं होतं. डोंगरात कोळशाची खाण होणार होती. पिढ्यानपिढ्या तो डोंगर ज्यांचा आहे त्या आदिवासींची सहा गावं उठणार होती, आणि खाणीला कर्ज ही बँक देणार होती. बँकेने स्वतःच एक नियम छापून ठेवला होता: मूळ रहिवाशांनी समजून-उमजून संमती दिली नसेल तर त्यांच्या जमिनीवरच्या खाणीला कर्ज नाही. मास्तरीणबाई विचारायच्या, संमती कुठे आहे? बँक म्हणायची, आहे. दाखवा म्हटलं की बँकेच्या तोंडाला कुलूप. असं दीड वर्ष चाललं होतं.

मग एका शुक्रवारी त्या लिफाफा छातीशी धरून दुकानात आल्या.

"मिळाली एकदाची," त्या म्हणाल्या. "पंधरा प्रती काढा. आणि जपून हं, माझ्याकडे एवढीच आहे."

मी पहिलं पान मशीनवर ठेवलं आणि जरा थांबले. मथळ्याच्या खाली एक आडवी, बारीक सावली होती. वर लिहिलं होतं, 'खाणीसाठी जमीन देण्यास आमची संमती आहे', आणि सावलीच्या खाली नावं, सह्या, अंगठे. झेरॉक्सवालीला अशी सावली कळते. दोन वेगळे कागद एकावर एक ठेवून प्रत काढली, किंवा कागद तिथे दुमडलेला असला, की अशी कड उमटते. मी मास्तरीणबाईंना ती बोटाने दाखवली. त्या चष्मा कपाळावर चढवून बघत राहिल्या.

"याने सिद्ध काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "ते म्हणतील, मशीन खराब होतं. उलट ही यादी इतकी नीटनेटकी आहे की आमचीच पंचाईत झालीय. बघा ना, प्रत्येक नावापुढे खूण, प्रत्येकापुढे वेळ. सोबतच्या बँकेच्या टिपणात लिहिलंय, प्रत्येक सहीची वेळ नोंदवलेली असल्यामुळे यादी विश्वासार्ह आहे."

मागे पिना मारायचा आवाज थांबला होता. मी वळून बघितलं. जुळवायला म्हणून बाकीची पानं ताईने उचलली होती आणि तिच्या हातात तिसरं पान होतं. नावांपुढे बारीक वर्तुळं, वर्तुळांत टिंबं, शेजारी वेळा. दहा चाळीस. दहा पन्नास. अकरा पाच. त्या 'पाच'ची शेपटी मी लहानपणापासून बघत आले आहे.

"मला जरा बरं वाटत नाहीये," ताई म्हणाली, पान खाली ठेवलं आणि निघून गेली. मागचा पंखा बंद केला का हे तिने बघितलं नाही.

ताई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. दुकान लवकर बंद करून मी गेले तर ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, पायांत अजून बाहेरच्या चपला.

"ती वर्तुळं माझी आहेत," ती म्हणाली.

"कळलं मला."

"तुला काही कळलेलं नाही. बस."

मग तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वीचं शिबिर. डोंगरातल्या एका गावाची शाळा. त्या वेळी गाडीचं डिझेल आणि चष्मे खाण कंपनीने दिले होते. कंपनीचा एक माणूस बरोबर होता, गोड बोलणारा, सारखं 'ताई, ताई' करणारा. त्याने सहाही गावांतल्या लोकांची छापील यादी आणली होती, पॅडला लावलेली. म्हणाला, चष्मे मिळाल्याच्या सह्या लागतील. त्या दिवशी एकशे बारा माणसं होती. एवढी नावं स्वतःच्या वहीत पुन्हा उतरवायची म्हणजे तासाभराचं काम. नावं तर आयती छापलेली समोर होती. ताईने आपली वर्तुळं त्याच्याच यादीवर काढली.

"आणि सह्या?" मी विचारलं.

"त्याही मीच घेतल्या. दुसरा थेंब घातला, टिंब दिलं, की तिथल्या तिथे सही नाहीतर अंगठा. पेन माझ्याच हातात होतं. तो म्हणाला, ताई, तुम्ही रांगेत फिरताच आहात. मला वाटलं, खरंच की, दोनदा फिरायचं कशाला."

"म्हणजे प्रत्येक सही डोळ्यांत थेंब पडल्यानंतरची आहे."

"प्रत्येक. समोर काय लिहिलंय हे एकालाही दिसत नव्हतं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनासुद्धा नाही."

"आणि तुला? मथळा तुलाही दिसला नाही?"

"पॅडच्या चापाखाली दुमडलेला होता. मी उलगडून बघितला नाही. गॅस दोनदा बघणारी मी. तो मथळा एकदासुद्धा बघितला नाही."

मला वाटलं, झालं एवढंच. मी उठून चहा ठेवायला लागले. तर ती माझ्या पाठीकडे बघत म्हणाली, "सुईणीने विचारलं होतं."

त्या गावांत एक म्हातारी सुईण आहे. सहा गावांतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली. ती रांगेत पहिली बसली होती. अंगठा देताना तिने हात मागे घेतला आणि विचारलं, बाई, हे कशाचं? ताई म्हणाली, चष्म्याचं आहे मावशी, द्या अंगठा. सुईणीने दिला. तिने दिल्यावर बाकीच्यांनी कोणी काही विचारलंच नाही.

"मी सांगितलं म्हणून त्यांनी दिले," ताई म्हणाली. "त्या माणसाने नाही फसवलं त्यांना. त्याने मला फसवलं. त्यांना मी फसवलं."

आता मी काय म्हटलं ते लिहिते, लपवत नाही. मी म्हटलं, "ताई, तू वर्तुळांचं सांग. एवढं पुरे आहे. डोळ्यांत थेंब होते, दिसत नव्हतं, संपलं. चष्म्याचं बोललीस हे कशाला सांगायला हवं? कोणी विचारलेलं नाही."

तिला तेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकून तिला जराही बरं वाटलं नाही, हे दोन्ही मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "हे त्यांना कळलं ना," ती हळू म्हणाली, "तर त्या डोंगरात पुन्हा कोणी मान मागे टाकणार नाही. माझ्यापुढे नाही आणि माझ्या जागी जी नवी पोरगी आलीय तिच्यापुढेही नाही. त्याच शिबिरात सुईणीच्या डोळ्यातला दाब वाढलेला सापडला होता. अजून वर्षभर तशीच राहिली असती तर आंधळी झाली असती. अशी किती असतील तिथे."

मास्तरीणबाईंना आम्ही वर्तुळांचं सांगितलं. तेवढंच. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाल्या, बँकेची वार्षिक सभा अकरा दिवसांवर आहे, हे तिथे, भागधारकांसमोर बोललं गेलं पाहिजे. पत्र पाठवलं तर फायलीत जाईल. पण सभेत बोलायचं तर बँकेचे शेअर हवेत.

इथे आमच्या ह्यांचा एक जुना गुन्हा उपयोगी पडला. माझे यजमान त्याच बँकेत रोखपाल होते. ताई निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांनी तिला काहीबाही भेटी दिल्या आणि ह्यांनी दिले बँकेचे पाच शेअर, तेही लिफाफ्यात घालून. ताई दोन महिने ह्यांच्याशी धड बोलली नव्हती. आता हे सबंध दिवस घरात छाती काढून फिरले. "ताई, तुम्ही मालक आहात बँकेच्या," असं चार वेळा म्हणाले. सुईणीसाठी मास्तरीणबाईंच्या मंडळींनी आधीच एक शेअर घेऊन ठेवला होता. मला तर ह्यांच्या जोडीने कधीपासून प्रवेशपत्र येतच होतं.

ते अकरा दिवस आमच्या घराचा जीव टांगणीला लागला होता. ताईने काय बोलायचं ते एका कार्डावर लिहिलं, मग खोडलं, मग दुसऱ्या कार्डावर लिहिलं. बोलायला दोनच मिनिटं मिळणार होती. ह्यांनी अध्यक्ष होऊन तालीम घेतली आणि ती इतकी मनापासून घेतली की ताईला रडू फुटलं. तिला जेवण जाईना. शेजारच्या घराची घंटा वाजली तरी ती दचकायची. मी दर वेळी तिला सांगायचे, वर्तुळांचं सांग आणि बस. दर वेळी ती हो म्हणायची. तिच्या कार्डावरही तेवढंच होतं.

सभेच्या दोन दिवस आधी सुईण आली. मास्तरीणबाईंचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून ती आमच्याकडे उतरली. बुटकी, कणखर, कमी बोलणारी. कापडी पिशवीत एक कपड्याचा जोड आणि रुमालात गुंडाळलेली औषधाची बाटली. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून तिला रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला थेंब घालावे लागतात, जन्मभर.

"घरी सून घालते," ती मला म्हणाली. "अर्धं औषध गालावर. हिचा थेंब पडलेला कळतसुद्धा नाही."

आणि ताईसमोर खुर्चीत बसून तिने मान मागे टाकली. ताईने बाटली घेतली, दोन बोटांनी डोळा उघडला, थेंब सोडला. हात स्थिर. मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून किती तरी वेळ आतच राहिली. असं चार वेळा झालं. चारही वेळा नळाचा आवाज ऐकत सुईण आणि मी समोरासमोर बसून राहिलो.

सह्या शिबिरात घेतल्या गेल्या हे मास्तरीणबाईंनी तिला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती आपणहून त्यावर बोलली. "तो कंपनीचा माणूस फार गोड होता. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं." मग ताईकडे वळून म्हणाली, "तू बिचारी डोळ्यांत गुंतलेली. तुला काय कळणार."

ताईने कप बशीत ठेवून दिला. मी घाईघाईने साखर हवी का विचारलं. आपण विचारलं होतं आणि कोणी काय उत्तर दिलं होतं, हे सुईणीला आठवत होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे.

सभा दुपारी तीनला होती. मोठा हॉल, गुबगुबीत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक जाड अहवाल आणि पाण्याची बाटली. आत इतका गारठा की मी शाल आणली नाही म्हणून स्वतःवर चिडले. ताईने बाहेर जायची दारं मोजली. चार होती. तिच्या उजवीकडे मी, डावीकडे मास्तरीणबाई, त्यांच्या पलीकडे सुईण. हे मागच्या रांगेत, कारण त्यांना जुने सहकारी भेटले.

दोन तास नफा, शाखा, नेमणुका असं चालू होतं. मग प्रश्नांची पाळी आली. मास्तरीणबाईंनी विचारलं, खाणीच्या कर्जाचा पहिला हप्ता कधी जाणार? अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते, आवाज मऊ. म्हणाले, येत्या सोमवारी. मग माइक ताईकडे आला.

तिने कार्ड उघडलं. पहिलं वाक्य अजिबात ऐकू आलं नाही. मागून कोणीतरी 'जोरात' म्हणालं. तिने घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली, आणि मग मात्र नीट बोलली. मी कोण, काय काम केलं, संमतीच्या यादीवरची वर्तुळं माझ्या हातची आहेत, वर्तुळ म्हणजे काय, टिंब म्हणजे काय. "तुमच्या टिपणात लिहिलंय की या सह्यांच्या वेळा आहेत. त्या सह्यांच्या वेळा नाहीत. त्या थेंबांच्या वेळा आहेत. ज्याच्या नावापुढे टिंब आहे त्याला त्या वेळी समोरचा कागद दिसत नव्हता. एकशे बारा नावं आहेत. एकशे बारा टिंबं आहेत."

लोक अहवालातून माना वर काढून बघायला लागले. माझ्या जिवात जीव आला. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो.

व्यासपीठावरचे कायदा सल्लागार अध्यक्षांच्या कानाशी वाकले, मग स्वतःच बोलले. "बाईंच्या सेवेबद्दल आदर आहे. पण फायलीचं शेवटचं पान बघावं. मजकूर सह्यांच्या आधी सर्वांना त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवला, असं तिथे लेखी आहे." ते जरा हसले. "थेंब डोळ्यांत घातले होते. कानांत नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. फार मोठा नाही, पण पिकला. ते शेवटचं पान मास्तरीणबाईंच्या लिफाफ्यात कधी आलंच नव्हतं. त्यांनी ताईकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"यापलीकडे आपल्याला काही सांगायचं आहे का?" अध्यक्षांनी विचारलं. माइक घ्यायला एक कर्मचारी रांगेपर्यंत आला होता. ताई उभीच होती. मी तिच्या पदराचं टोक धरून खाली ओढलं. "बस," मी म्हटलं. "बस आता, ताई." मी खरंच तसं केलं. सोमवारी सहा गावांचा निकाल लागणार होता आणि मला माझ्या बहिणीची अब्रू वाचवायची होती.

ताईने माझ्या हातातून पदर सोडवून घेतला. तिने कार्ड खुर्चीवर ठेवलं.

"कोणी काही वाचून दाखवलं नाही," ती म्हणाली. "मी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत तिथे होते. सह्या मीच घेतल्या. कंपनीच्या माणसाने नाही, मी. एका बाईंनी विचारलं होतं, हे कशाचं आहे. मी सांगितलं, चष्म्याचं. मथळा दुमडलेला होता, मी बघितला नव्हता, पण मी सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी अंगठा दिला आणि त्यांचं बघून सगळ्यांनी दिला. म्हणजे तुम्हाला संमती मिळाली ती चष्म्यांना मिळाली, आणि ती माझ्या तोंडून मिळाली. माझं काय करायचं ते करा. त्या बाई इथेच बसल्या आहेत."

ती खाली बसली. तिच्या कपाळावरून त्या गारठ्यात घाम ओघळत होता. मी सुईणीकडे बघितलं. सुईण समोर बघत होती. मान वळवली नाही, हात मांडीवर होते तसेच राहिले.

व्यासपीठावर बराच वेळ कुजबूज चालली. आता कोणी हसत नव्हतं. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की यादीची नव्याने पडताळणी होईपर्यंत सोमवारचा हप्ता रोखण्यात येत आहे. आमच्या मागच्या रांगेत टाळ्या वाजल्या. त्यांत ह्यांच्याही होत्या, मला त्यांची टाळी कळते. मास्तरीणबाईंनी माझा हात दाबला. "रोखलाय," त्या म्हणाल्या. "रद्द नाही केलेला. अजून खूप आहे."

बाहेर रुंद पायऱ्या आहेत. वर्तमानपत्रवाले मास्तरीणबाईंभोवती जमले. ताई लांब, एका खांबाला टेकून उभी राहिली. तिला कोणाच्या जवळ जायचं नव्हतं. सुईण सावकाश पायऱ्या उतरली, मधल्या एका पायरीवर बसली आणि पिशवीतून रुमाल काढला. तिने गाठ सोडली. बाटली हातात घेतली. बँकेच्या दर्शनी भिंतीवर मोठं घड्याळ होतं. सहाला पाच मिनिटं कमी होती.

ताईने घड्याळ बघितलं होतं, बाटलीही बघितली होती. ती जागची हलली नाही. मी तरी घालते म्हणून पुढे होणार, एवढ्यात सुईण ताईकडे न बघताच म्हणाली, "सहा वाजले."

ताई आली. एक पायरी खाली उभी राहून तिने हात पुढे केला. सुईणीने बाटली तिच्या हातात दिली, पण मान मागे टाकली नाही.

"आधी वाच," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"यावर काय लिहिलंय ते. सगळं वाच."

ताईचा चष्मा आत खुर्चीवरच राहिला होता. मी माझा दिला. अक्षर फार बारीक होतं. ताईने औषधाचं नाव वाचलं. किती टक्के ते वाचलं. एका वेळी एक थेंब. थंड जागी ठेवावे. लहान मुलांच्या हाती देऊ नये. कारखान्याचा पत्ता. बनवल्याची तारीख. पायऱ्यांवरून लोक आमच्या दोन्ही बाजूंनी उतरत होते आणि ती एकेक शब्द सुटा करून वाचत होती. एका ठिकाणी सुईणीने तिला थांबवलं.

"ते काय म्हणालीस?"

"कधीपर्यंत वापरायचं ते."

"कधीपर्यंत?"

ताईने महिना सांगितला. सुईणीने बोटांवर महिने मोजले. "अजून काही राहिलं?"

"नाही. एवढंच आहे."

सुईण थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली, थेट, दोन्ही डोळ्यांनी. मग तिने मान मागे टाकली.

ताईने दोन बोटांनी तिचा डोळा उघडला. बाटली वर धरली. तिचा हात थरथरत होता. मनगटापासून सबंध हात. तिने श्वास रोखून धरला, तरी थांबेना. थेंब सुटला आणि सुईणीच्या गालावर पडला.

सुईणीने तो पुसला नाही. मान तशीच मागे ठेवली.

"परत घाल," ती म्हणाली.